‘क्लिंकनाखल’: कडीचं नख नव्हे, ठोकून बसवलेला खिळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेदरलँड्समधून आलेल्या एका यंत्राच्या ड्रॉइंगवर रिव्हेटसाठी, म्हणजे पत्रे कायमचे जोडायला आरपार घालून पक्क्या केलेल्या धातूच्या दांडीसाठी, ‘क्लिंकनाखल’ हा शब्द दिसला. शब्दकोशात ‘क्लिंक’ म्हणजे दाराची कडी आणि ‘नाखल’ म्हणजे नख असं सापडलं. मग रिव्हेटला ‘कडीचं नख’ का म्हणायचं? आणि ‘नाखल’ हा शब्द आपल्या संस्कृत ‘नख’वरूनच तिकडे गेला असणार, बरोबर ना?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, पण दोन्ही ‘नाही’ सारखे नाहीत. ‘क्लिंक’चा इथे कडीशी काही संबंध नाही. ‘नाखल’ आणि ‘नख’ यांचं नातं मात्र खरं आहे, फक्त ते आई-मुलीचं नसून चुलत बहिणींचं आहे. आणि ज्या खुणेवरून तुम्ही ते ओळखलंत, ती खूणच नेमकी फसवी आहे. त्याकडे येतोच.

गेली २२ वर्षं मी डच यंत्रांची मॅन्युअल्स, ड्रॉइंग आणि पार्ट लिस्ट इंग्रजीत आणि मराठीत आणतो. त्याआधी काही वर्षं शीट मेटलच्या शॉपमध्ये काढली. त्यामुळे या शब्दाशी माझी ओळख हातोडा आणि कोश अशी दोन्हींकडून आहे.

आधी समास सोडवू. डच समासाची रचना आपल्या तत्पुरुषासारखी असते, म्हणजे शेवटचं पद मुख्य. घोडागाडी ही शेवटी गाडीच, तसा क्लिंकनाखल हा शेवटी नाखलच, म्हणजे खिळा. आता पहिलं पद. डचमध्ये क्रियापदाचा नुसता धातू उचलून नामापुढे चिकटवायची फार सोय आहे. ‘स्लाप’ म्हणजे झोप- आणि ‘कामर’ म्हणजे खोली, झाली ‘स्लापकामर’. आपण ‘झोपण्याची खोली’ म्हणतो, ते मधलं ‘ण्याची’ त्यांना लागत नाही. ‘क्लिंकनाखल’मधला ‘क्लिंक’ असाच ‘क्लिंकन’ या क्रियापदाचा धातू आहे. ‘क्लिंकन’चा एक अर्थ ‘रिव्हेट मारणे’ असाच आहे, आणि ज्या हातोड्याने हे काम करतात तो ‘क्लिंकहामर’. म्हणजे शब्दशः ‘ठोकून पक्का करायचा खिळा’. डच समास अडला की त्याचे तुकडे आधी क्रियापदांत शोधावेत आणि मग नामांत. कोशात ‘क्लिंक’ हे नाम शेजारच्याच ओळीत असल्यामुळे तुमची नजर तिथे अडली, एवढंच.

(दाराचं निघालंच आहे तर, डचमध्ये दाराला ‘दोर’च्या जवळपासचा उच्चार आहे आणि तो शब्द खरोखरच आपल्या ‘द्वार’चा भाईबंद आहे. पण तो विषय वेगळा.)

आता खरी गंमत. ‘क्लिंकन’चा पहिला, रोजचा अर्थ रिव्हेट मारणे हा नाहीच. पहिला अर्थ आहे ‘वाजणे, खणखणणे’. पेल्यावर पेला आपटला की क्लिंकन. गाणं कसं वाटतंय हे विचारतानाही क्लिंकन. एकाच क्रियापदाचं भूतकाळी रूप ‘गेक्लोंकन’ घंटेलाही चालतं आणि पोलादी पुलालाही: घंटा ‘वाजलेली’ असते, पूल ‘रिव्हेट मारून जोडलेला’ असतो.

हे दोन अर्थ एकत्र कसे आले, ते समजायला जुन्या जहाजबांधणीच्या यार्डात उभं राहावं लागतं. वेल्डिंग येण्याआधी पोलादी जहाज म्हणजे एकावर एक चढवलेले पत्रे आणि त्यांतून आरपार गेलेले लाखो रिव्हेट. एका टोळीत चारपाच माणसं असायची. एक पोरगा भट्टीत रिव्हेट लालबुंद करून चिमट्याने द्यायचा. डचमध्ये त्याला ‘नाखलयोंगन’ म्हणत, म्हणजे खिळ्यावरचा पोऱ्या. रिव्हेट भोकात गेला की पलीकडचा माणूस त्याच्या तयार डोक्यावर जड लोखंड दाबून धरायचा, त्याचं नाव ‘तेखनहाउदर’, म्हणजे उलट बाजूने धरणारा. आणि अलीकडून ठोकणारे ठोकत सुटायचे, बाहेर आलेल्या गरम दांडीचं दुसरं डोकं तयार होईपर्यंत. ठोकताना दांडी फुगून भोक गच्च भरते आणि थंड होताना लांबीत आखडते, त्यामुळे दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळले जातात. नटबोल्टमध्ये जे काम पाना करतो, ते इथे थंड होणारं लोखंड स्वतः करतं.

या सगळ्याला आवाज किती, याची कल्पना करा. बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट धरणारे लोक बहिरे व्हायचे, इतके की इंग्रजीत त्या बहिरेपणाला बॉयलरवाल्यांचंच नाव पडलं. ज्या कामात दिवसभर दुसरं काही ऐकूच येत नाही, त्या कामाला ‘खणखणवणे’ हे नाव पडलं तर नवल नाही. आपणही ‘ठोकणे’ म्हणतो तेव्हा ‘ठक्’ त्यात बसलेलाच असतो.

पण थांबा. कोशकारांमध्ये इथे दोन मतं आहेत. एक मत मी वर सांगितलं: आवाजाचं ‘क्लिंकन’ आणि रिव्हेटचं ‘क्लिंकन’ मुळात एकच, हातोड्याच्या आवाजावरून कामाला नाव. दुसरं मत असं की रिव्हेटचं ‘क्लिंकन’ इंग्रजी ‘क्लेंच’ आणि ‘क्लिंच’च्या घराण्यातलं आहे. त्यांचा मूळ अर्थ ‘घट्ट धरवणे’. खिळा आरपार काढून त्याचं टोक पलीकडून मुरडतात ना, जुन्या वाड्यांच्या दारांना दिसतं तसं, ते क्लिंच. या मतानुसार दोन वेगळी क्रियापदं कानाला सारखी झाली आणि लोकांनी त्यांना एक मानलं. माझा कल पहिल्या मताकडे आहे, कारण आवाजावरून ‘मारणे’ आणि मारण्यावरून ‘ठोकून बसवणे’ ही वाट भाषांमध्ये फार मळलेली आहे. पण शपथेवर सांगायची वेळ आली तर मी दुसरं मत खोडून काढणार नाही. शब्द हजार वर्षं शेजारी राहिले की त्यांची चालही एकमेकांसारखी होते.

तिसरी एक व्युत्पत्ती मी शॉपमध्ये ऐकली आहे आणि ती इतकी झकास आहे की चुकीची असल्याचं वाईट वाटतं. पक्का बसलेला रिव्हेट ओळखायची जुनी रीत अशी: एका बाजूला बोट ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूने छोट्या हातोडीने टिचकी मारायची. पक्का असेल तर स्वच्छ ‘टण्’ असा आवाज येतो. ढिला असेल तर भद्द वाजतो आणि बोटाला थरथर लागते. आपण बाजारात मडकं वाजवून घेतो तसंच. तेव्हा ‘वाजवून तपासायचा खिळा तो क्लिंकनाखल’ असं एक जुने फोरमन छातीठोकपणे सांगायचे. पण ‘क्लिंकन’ हे रिव्हेट मारण्याच्या क्रियेचंच नाव आहे, तपासणीचं नाही. नाव आधी कामाला पडलं आणि मग वस्तूला. व्युत्पत्तीसुद्धा मडक्यासारखी वाजवून घ्यावी लागते, ती अशी.

‘वाजणे’ या अर्थाचा पसारा मात्र बघण्यासारखा आहे. नेदरलँड्समधले जुने रस्ते ज्या कडक भाजलेल्या विटांचे आहेत, त्या विटेला ‘क्लिंकर’ म्हणतात, कारण विटेवर वीट आपटली की धातूसारखी वाजते. हा शब्द १७व्या शतकात इंग्रजीत गेला, भट्टीत वितळून घट्ट झालेल्या खड्यांना लागला, आणि तिथून सिमेंटच्या कारखान्यात आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून निघणारे जे करडे गोळे ‘क्लिंकर’ या नावाने ओळखले जातात, त्यांचं नाव या रिव्हेटच्या घरातलं आहे. तिथल्याच गडचांदूरच्या ट्रकवाल्याला हे सांगून पाहा.

शाळेत डच मुलं स्वरांनाही ‘क्लिंकर’ म्हणतात: वाजणारं अक्षर. व्यंजन म्हणजे ‘मेदेक्लिंकर’, सोबतीने वाजणारं. लॅटिन संज्ञांचं हे सरळ भाषांतर आहे, पण आपल्या ‘स्वर’मध्येही ‘वाजणे, नाद करणे’ हाच धातू आहे हे विसरू नका. आणि रोख रक्कम म्हणजे ‘क्लिंकेन्दे मुन्त’, खणखणणारं नाणं. ‘खणखणीत नाणं’ म्हणताना आपण नेमकं तेच बोलतो, कुणी कुणाकडून उसनं न घेता. व्यवहार पक्का झाला की डच माणूस म्हणतो तो ‘बेक्लोंकन’ झाला. आता तो रिव्हेट मारल्यासारखा पक्का झाला, की पेल्यावर पेला आपटून पक्का झाला, यावर रात्रभर वाद घालता येईल. आपल्याकडे सुपारी फुटते, तिचाही आवाज होतोच.

आता ‘नाखल’. स्पेलिंगमध्ये तिथे ‘ख’ नाही, इंग्रजी ‘जी’ आहे. डच माणूस तो ‘जी’ घशातून खरवडून काढतो, म्हणून आपल्याला ‘ख’ ऐकू येतो, आणि ‘नाखल’ ऐकताच मराठी डोळ्यांपुढे ‘नख’ उभं राहतं. पण हा खरवडलेला ‘ख’ डचमधला नंतरचा बदल आहे. जर्मनमध्ये तोच शब्द ‘नागल’ आहे, स्वच्छ ‘ग’ने. जुन्या इंग्रजीतही तिथे ‘ग’ लिहायचे, तो पुढे विरघळला आणि ‘नेल’ उरलं. रशियनमध्ये नख म्हणजे ‘नोगत्’, लिथुआनियनमध्ये ‘नागास’. सगळीकडे ‘ग’. या सर्वांमागे जो मूळ शब्द मानतात त्यात ‘घ’सारखा ध्वनी होता. त्या ‘घ’चा जर्मानिक भाषांत, म्हणजे डच, जर्मन, इंग्रजीच्या घराण्यात, नियमाने ‘ग’ होतो, म्हणून ‘नागल’ चोख बसतं.

आणि संस्कृतात? नियमाने तिथे ‘घ’ किंवा ‘ह’ यायला हवा होता. पायासाठीचा ‘अंघ्रि’ हा शब्द याच मुळापासूनचा मानतात, आणि त्यात ‘घ’ आहेही. ‘नख’मधला ‘ख’ हाच खरा घोटाळा आहे. अभ्यासक त्याची वेगवेगळी कारणं देतात. फारसी ‘नाखुन’मध्येही तोच ‘ख’. म्हणजे तुम्हाला जो ‘ख’ पुरावा वाटला, तो डचमध्ये उशिरा आलेला आहे आणि संस्कृतात नियमाबाहेरचा आहे. दोन बहिणींच्या हातात सारख्या बांगड्या दिसल्या, पण एकीने काल घेतल्यात आणि दुसरीच्या कुठून आल्या हे घरातच धड ठाऊक नाही. नातं बांगड्यांवरून नव्हे, चेहऱ्यावरून ठरवायचं: ‘न’, मधला स्वर, त्यापुढचा कंठ्य ध्वनी, आणि सगळीकडे बोटाच्या टोकाचा तोच अर्थ. तेव्हा संस्कृतातून डचमध्ये शब्द गेला नाही. दोन्हींची आजी एक.

नखाचा लोखंडी खिळा मात्र जर्मानिक घराण्यात झाला. लॅटिन आणि ग्रीकमध्ये याच मुळाचे नखवाचक शब्द आहेत, पण ते खिळ्यापर्यंत गेले नाहीत. आपल्याकडे ‘नख’ फार तर सतारीच्या नखीपर्यंत आलं. जर्मानिक भाषांत ‘खिळ्याने ठोकणे’ हा अर्थ गॉथिकसारख्या अतिजुन्या भाषेतही दिसतो. तो खिळा दर वेळी लोखंडीच असे असंही नाही. लाकडी खुंटीही ‘नाखल’च. शिडाच्या जहाजावर दोर गुंडाळायच्या खुंट्यांची जी फळी असते तिला डच खलाशी ‘नाखलबांक’ म्हणतात, आणि त्या खुंट्या कित्येकदा लाकडाच्याच.

आजच्या बोली डचमध्ये साध्या खिळ्याला ‘स्पायकर’ म्हणतात, इंग्रजी ‘स्पाइक’चा नातलग. ‘नाखल’ सुटा वापरला की आधी बोटाचं नखच आठवतं. पण समासांत आणि कायद्यात जुना अर्थ तग धरून आहे. घर विकताना काय घराबरोबर जातं आणि काय मालक उचलून नेऊ शकतो, हे सांगायला जुना शब्दप्रयोग आहे ‘आर्त एन नाखलफास्त’: जमिनीला आणि खिळ्याला पक्कं असलेलं. भिंतीत ठोकलेलं कपाट राहणार, नुसतं टेकवलेलं जाणार. आपल्या खरेदीखतातली ‘तदंगभूत वस्तूंसह’वाली ओळ आठवा, डचांनी तिथे सरळ खिळाच ठोकला.

लवंगेचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डचमध्ये लवंग म्हणजे ‘क्राउतनाखल’, मसाल्याचा खिळा. एक लवंग तळहातावर घेऊन बघा: दांडी, आणि वर चार टोकांमध्ये बसलेलं गोल डोकं. हुबेहूब घडीव खिळा. फ्रेंच लोकही तिला खिळाच म्हणतात, आणि जर्मन ‘नेल्के’ म्हणजे मुळात ‘छोटा खिळा’. फारसीत लवंग म्हणजे ‘मेखक’, म्हणजे छोटी मेख. ही तीच मेख, जी आपण तंबूला ठोकतो आणि ‘खरी मेख इथेच आहे’ असं म्हणताना वापरतो. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि पुढे इंडोनेशियातल्या अंबोन बेटाच्या लवंगेचा व्यापार मुठीत ठेवायला तिने जे काही केलं, ते या छोट्या खिळ्यांसाठी. फ्रीसलँडमध्ये आजही लवंग घातलेलं चीज ‘नाखलकास’ नावाने मिळतं. पहिल्यांदा ते नाव वाचून मी पाकीट परत ठेवलं होतं. मराठीने मात्र उलटी वाट धरली. आपण लवंगेला दुसऱ्या कशाचं नाव देत नाही, लवंगेवरूनच बारक्या वस्तूंना नावं देतो: लवंगी मिरची, लवंगी फटाका.

कंपनीच्या जहाजांबरोबर लोखंडी सामानाचे डच शब्दही पूर्वेकडे उतरले. इंडोनेशियात स्क्रू म्हणजे ‘सक्रुप’, बोल्ट म्हणजे ‘बाउत’, नट म्हणजे ‘मुर’, तिन्ही डच. सिंहलीत ‘इस्कुरुप्पु’, बंगालीत ‘इस्क्रुप’. इंडोनेशियातला ‘मुर’ डच ‘मूर’वरून आला, आणि तो ‘आई’ या अर्थाच्या शब्दाचं आखूड रूप आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये बोल्ट-नटासारख्या जोडीला नर-मादी म्हणतात, त्याची ही सोवळी आवृत्ती. वेंगुर्ल्याला १७व्या शतकात डचांची वखार होती, पण आपल्या रोजच्या बोलीत उरली ती पोर्तुगीजांची चावी आणि फारसीची मेख.

आता कामाचं. तुमच्या ड्रॉइंगवर ‘क्लिंकनाखल’ असेल तर मराठीत बिनधास्त ‘रिव्हेट’ लिहा. शॉपमधल्या कारागिरासाठी असेल तर तो ‘रिपीट’ म्हणतो, त्यालाही हरकत नाही. ‘ब्लिंतक्लिंकनाखल’ दिसला तर तो एकाच बाजूने मारायचा ब्लाइंड रिव्हेट. पलीकडचं दिसत नाही, हात पोचत नाही, म्हणून आंधळा. त्यालाच बोलीत ‘पॉपनाखल’ म्हणतात, यातलं ‘पॉप’ हे ब्रँडचं नाव. इथे हातोडाच नाही, पिस्तुलासारख्या पकडीने मधली तार ओढायची आणि ती ‘टक्’ करून तुटते. खणखणाट संपला, पण ब्लिंतक्लिंकनाखलच्या नावातला ‘क्लिंक’ तसाच राहिला.

सावध राहायचं ते नुसत्या ‘नाखल’पासून. माझ्या पहिल्याच वर्षी एका डेअरी यंत्राच्या यादीत ‘नाखल ३.२ × ८, २४ नग’ अशी ओळ होती. मी मराठीत ‘खिळे’ लिहिलं. पंधरा दिवसांनी कारखान्यातून फोन आला. स्टोअरवाल्या काकांनी बाजारातून बारीक चुकांचा, म्हणजे छोट्या खिळ्यांचा, पुडा आणून दिला होता आणि फिटर तो हातात घेऊन स्टेनलेसच्या पत्र्यासमोर उभा होता. “साहेब, हे ठोकायचे कशात?” त्याचं बरोबर होतं. व्यास ३.२ आणि लांबी ८ मिलिमीटर हे माप पाहताच मला पॉप रिव्हेट ओळखता यायला हवा होता. शब्द खिळ्याचा होता, माप रिव्हेटचं होतं, आणि अशा वेळी मापावर विश्वास ठेवायचा.

अर्थात अशी गफलत करणारा मी एकटा नाही. जेकब डेव्हिस या शिंप्याने आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी २० मे १८७३ रोजी अमेरिकेत पेटंट घेतलं: कामगारांच्या पँटचे खिसे उसवू नयेत म्हणून कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट. ही पँट दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपभर पसरली. डच लोकांच्या नजरेत ते चकचकीत ठिपके भरले आणि जीन्सला नाव पडलं ‘स्पायकरब्रूक’, खिळ्यांची पँट. ज्या भाषेत रिव्हेटला स्वतःचा इतका जुना, खणखणीत शब्द आहे, तिथे ‘क्लिंकनाखलब्रूक’ म्हणायचा कंटाळा केला सगळ्यांनी. आमच्या स्टोअरवाल्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या जीन्सच्या खिशावरचं बटण अंगठ्याने चाचपून पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे मी आणलेले बरोबरच होते की.”